बेंजोचा हुंकार

नवरा गेल्यावर त्याचा बेंजो पुढच्या खोलीतल्या शोकेसवर तसाच राहिला. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं, आडवं ठेवून वाजवायचं ते तारांचं वाद्य. केळझरला भजनात तो वाजवायचा, आणि तारा नेहमी स्वतःच्या आवाजाला मिळवून ठेवायचा.

धाकट्या दिराचा आवाज हुबेहूब त्याच्यासारखा. पिपरी मेघेच्या आमच्या दोन खोल्यांत दीर बोलला की शोकेसवरच्या तारा बारीक गुणगुणायच्या. मी शाळेत विज्ञान शिकवते. एका सुराने त्याच सुरातली दुसरी तार थरथरते, हे दरवर्षी मुलांना सांगते. घरी मात्र अंगावर काटा यायचा, आणि त्याचाच मला भयंकर राग यायचा.

सासूबाईंना विज्ञान नको होतं. "बोल ना रे," त्या दिराला म्हणायच्या, "तू बोलला का तो हुंकार देते." मग दीर बिचारा बाजारातले वांग्यांचे भाव सांगत बसायचा, आणि त्या बेंजोकडे तोंड करून ऐकायच्या.

हळूहळू दीर कुजबुजायला लागला. मग खुणांनीच जेवण मागायला लागला. एक दिवस स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "वहिनी, या घरात मी हाओ का नाई, हेच मले समजून नाई राह्यलं. सेलूले खोली पाह्यली." एक गेलाच होता, आता एका लाकडी खोक्यापायी दुसराही चालला होता. माझं डोकंच सणकलं.

सासूबाई तारा ढिल्या करू देईनात. वर कापड टाकलं की ओढून काढायच्या. बाथरूमच्या फटी बुजवायला आणलेली सिलिकॉनची नळी अर्धी उरली होती. त्यात कॉर्नफ्लोअर मळून थरथर शोषणाऱ्या मऊ गाद्या करतात, हे मोबाइलवर पाहिलं आणि सासूबाई भजनाला गेल्याबरोबर कामाला लागले. कणकेच्या अंदाजाने पीठ घातलं, तर गोळा खोडरबरासारखा घट्ट झाला. त्यावर टेकून तार उलट झणझणायला लागली. दुसऱ्या वेळी पिठाचा हात आवरला. साबणाच्या पाण्याने बोटं ओली करून मळलं, दुधाच्या पिशव्यांमध्ये घालून बाटलीने लाटलं. त्या आंबट, उग्र वासाने डोळ्यांत पाणी आलं. घट्ट झाल्यावर ब्लेडने पट्ट्या कापल्या आणि बटणांच्या आड, दिसणार नाहीत अशा, तारांखाली सरकवल्या. शेवटची पट्टी बसवताना मी "झालंच हं" म्हणाले. कोणाला, ते विचारू नका.

संध्याकाळी दीर आला. "माय, मी सेलूले राहाले जाऊन राह्यलो."

सासूबाई बेंजोकडे बघत थांबल्या. "अजून बोल."

"उद्याच जातो."

काहीच वाजलं नाही. त्या वळल्या आणि त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "काऊन रे? इथं काय तरास हाये तुले?"

मग तो बोलला. मोठ्याने, रडत, भांडत बोलला. आणि गेला नाही.

जेवणं झाल्यावर सासूबाई बेंजोकडे एकदा बघून माझ्याजवळ ओट्याशी आल्या. "आता खरंच गेला ना वं तो?"

"हो, आई."

"तुले त्याचा हुंकार ऐकू ये का कधी?"

"यायचा. रोज."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. दीर घरात बोलत असला की शाळेतून आल्यावर मी चपला न काढता दाराबाहेरच तो आवाज ऐकत उभी राहायचे, एवढं मात्र मला सांगता आलं नाही.