जपानमधलं माझं दोन पावलांचं शेत

एक्स्चेंजसाठी माझी निवड झाली तेव्हा कोविडमुळे ऑस्ट्रेलियातून बाहेर पडायला परवानगी लागत होती आणि जपान बाहेरच्या विद्यार्थ्यांना आत घेत नव्हतं. मी पुण्याहून सिडनीला शिकायला आलेली, शेतीशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला होते. उत्तर जपानमधल्या एका विद्यापीठात वर्षभर भातशेती शिकायची म्हणून दीड वर्ष जपानीचे क्लास केले होते. वर्ष रद्द होणार नाही, ऑनलाइन होईल, अशी युनिव्हर्सिटीची ईमेल आली आणि मी सिडनीच्या टूनगॅबी भागातल्या आमच्या भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये टेबल लावलं. घरात बसणं शक्य नव्हतं. माझी हाउसमेट वेस्टमीडच्या हॉस्पिटलमध्ये नर्स होती, रात्रपाळी करून सकाळी यायची आणि भिंती इतक्या पातळ होत्या की माझ्या बोलण्याने तिची झोप मोडायची.

पहिल्या लेक्चरला स्लाइड्स असतील असं मला वाटलं होतं. स्क्रीन उघडली तर पोटरीभर चिखलात एक साठीपलीकडचे गृहस्थ उभे होते. तेच आमचे प्राध्यापक. त्यांना आम्ही सेन्सेई म्हणायचो. त्यांचं इंग्रजी तुटक होतं आणि माझं जपानी त्याहून तुटक. तुम्ही बारा जण इथे येऊ शकला नाहीत, ते म्हणाले, म्हणून प्रत्येकासाठी शेताचा एक तुकडा राखून ठेवला आहे. दोन पावलं लांब, दोन पावलं रुंद. त्यात काय करायचं ते तुम्ही ठरवा, हात माझे. बांधावर खांबाला एक कॅमेरा लावलेला होता. त्यातून दिवसा केव्हाही शेत बघता यायचं.

खरं सांगायचं तर हा मला खेळ वाटला. मुलांचं मन रमवायला काहीतरी.

लावणी मे महिन्यात होती. सेन्सेई एकेकाला विचारून रोपं लावत होते. माझा नंबर आल्यावर मी मोठ्या ऐटीत सांगितलं, एका जागी सात-आठ रोपं, आणि दोन जागांमध्ये फक्त अर्धी वीत अंतर. जागा लहान, तेव्हा दाट लावलं तर पीक जास्त, असा माझा हिशोब. त्यांनी दोनदा विचारलं, "नक्की?" मी दोन्ही वेळा हो म्हणाले. मग ते वाकले. हातात अर्ध्या वितीच्या मापाची काडी होती. प्रत्येक वेळी ती चिखलावर ठेवायची, रोपं मोजून घ्यायची, अंगठ्याने खोचायची, पुढे सरकायचं. माझा तुकडा सगळ्यांत दाट, म्हणून वेळही सगळ्यांत जास्त लागला. जवळजवळ तासभर ते एकदाही पाठ सरळ न करता काम करत राहिले आणि पडद्यावरचे आम्ही बारा जण बघत राहिलो. तो खेळ नाही हे तेव्हा मला कळायला लागलं.

त्या दिवसांत मी पुण्याला रोज फोन करायचे. तिकडे दुसरी लाट होती. बाबा पोस्टातून रिटायर झालेले, आई गेल्यापासून एकटे. फोनवर फक्त बिल्डिंगमधलं कोण पॉझिटिव्ह, कोणाला बेड मिळाला नाही, कोण गेलं. मला तिकडे जाता येत नव्हतं, कारण ऑस्ट्रेलियाने भारतातून येणारी विमानंच बंद केली होती. गेले असते तर परत येता आलं नसतं. बोलण्यासारखं दुसरं काही सापडेना म्हणून मी त्यांना माझ्या तुकड्याचा फोटो पाठवला. पाच मिनिटांत त्यांचाच फोन आला.

"चुडात रोपं किती घेतलीस?"

मी म्हटलं, सात-आठ. मग बाबा म्हणाले, "फार दाट केलंस. लोंब्या भरल्या की आडवं पडेल बघ."

चूड, म्हणजे एका जागी लावलेल्या रोपांचा झुबका, हा शब्द मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. बाबा मावळातल्या एका खेड्यातले एवढं मला माहीत होतं, पण तिथल्या शेतीबद्दल त्यांनी घरात अवाक्षर काढलेलं मला आठवत नव्हतं. त्यानंतर आमचे फोन बदलले. मी जपानी शब्द सांगायचे, त्याचा अर्थ इंग्रजीतून समजावायचे आणि बाबा मराठी शब्द द्यायचे. चिखलणी, फुटवे, लोंबी पोटात असतानाची पोटरी, ती बाहेर पडली की निसवणं. एकदा मी विचारलं की हे सगळं कधी शिकलात. ते म्हणाले, सोळाव्या वर्षापर्यंत दर पावसाळ्यात लावणी केली. "पोस्टात लागलो तेव्हा नखांतला चिखल जात नव्हता. काउंटरवर हात झाकून बसायचो. मग ते बोलायचंच सोडून दिलं." एवढं सांगून त्यांनी विषय बदलला. ज्या माणसाच्या घरात मी लहानाची मोठी झाले, त्याच्याजवळ एवढं काही होतं आणि मला त्याची गंधवार्ता नव्हती.

जूनच्या शेवटी सिडनीतही लॉकडाऊन लागला, आणि आमच्या भागात जास्त कडक. घरापासून पाच किलोमीटरच्या आतच फिरायचं, डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर. हाउसमेट सकाळी घरी यायची तेव्हा तिच्या नाकावर मास्कचा वळ असायचा. वॉर्डबद्दल ती काही सांगायची नाही. अंघोळ करून, चहाचा मग घेऊन गॅरेजमध्ये यायची आणि म्हणायची, "तुझं शेत लाव." मी कॅमेरा लावून द्यायचे. वाऱ्यावर हलणारं हिरवं भात ती दहा-पंधरा मिनिटं बघायची आणि झोपायला जायची. माझा तुकडा डावीकडून सातवा हे तिला पाठ झालं होतं. जुलैत एका सकाळी पानांवर उजेड पडला होता, दव चमकत होतं आणि एक बगळा माझ्या तुकड्यात पाय उचलून उभा होता. आम्ही दोघी बघत राहिलो. तो उडाल्यावर ती म्हणाली की गेल्या महिन्याभरात तिने हलणारी आणि धडधाकट अशी एवढी एकच गोष्ट बघितली.

ऑगस्टमध्ये भात निसवलं. सप्टेंबरात लोंब्या जड होऊन वाकल्या, आणि मग तिकडे मोठं वादळ आलं. सकाळी साडेसातच्या सुमारास मी कॅमेरा उघडला. बाबा म्हणाले होते तसंच झालं होतं. बाकीचे तुकडे झुकले होते, पण उभे होते. माझा मात्र सपाट पडला होता, कोणी सतरंजी अंथरावी तसा, आणि लोंब्या पाण्यात बुडाल्या होत्या.

पाऊस अजून पडत होता. त्या पावसात पिवळा रेनकोट घातलेले सेन्सेई माझ्या तुकड्यात वाकले होते. पडलेलं भात हलक्या हाताने उचलायचं, चार चुडं एकमेकांना टेकवून उभी करायची आणि पेंढ्याच्या दोरीने बांधायची. मग पुढची चार. त्या दिवशी वर्ग नव्हता. कोणी बघत असेल याची त्यांना कल्पना नव्हती. हाउसमेट शिफ्टवरून आली, तिच्या कपड्यांना हॉस्पिटलचा वास होता, पण ती अंघोळीला न जाता दारातच उभी राहिली. "किती वेळ चाललंय?" तिने विचारलं. मी म्हटलं, मी बघतेय तेव्हापासून. त्यांनी शेवटची चार चुडं बांधली तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. मग ते बांधावर बसले आणि दोन्ही हातांनी कंबर दाबत बराच वेळ उठलेच नाहीत.

पुढच्या वर्गात मी त्यांची माफी मागितली. वाक्य जपानीत पाठ केलं होतं. मग इंग्रजीत विचारलं, की इतकं दाट लावलं तर पडणार हे तुम्हाला मे महिन्यातच माहीत होतं ना? ते म्हणाले, हो. मग मला सांगितलं का नाही?

त्यांनी जरा शब्द जुळवले. "शेत तुमचं, म्हणून निर्णय तुमचा. पडलं तर उभं करणं माझं काम."

हे सांगताना त्यांच्या आवाजात कसलाही मोठेपणा नव्हता. लगेच ते दुसऱ्या विद्यार्थ्याकडे वळले. मी माइक बंद केला, कारण मला रडू येत होतं. ज्या देशात मी पाऊल ठेवू शकले नव्हते तिथे एका माणसाने माझ्या चुकीलासुद्धा माझी म्हणून मान दिला होता.

ऑक्टोबरात कापणी झाली. बाबांना ती बघायची होती. जपानमधले सकाळचे नऊ म्हणजे पुण्यात पहाटेचे साडेपाच. मी सेन्सेईंची परवानगी घेतली आणि बाबांना वर्गात जोडून घेतलं. ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. सेन्सेईंनी कॅमेऱ्याकडे वळून बाबांना वाकून नमस्कार केला. बाबा खुर्चीतून उठून उभेच राहिले. मग सेन्सेईंनी विळा घेतला, डाव्या मुठीत चूड धरलं आणि कापलं. बाबांचा डावा हात पडद्यावर नकळत तसाच मिटला.

काही वेळाने ते मराठीतच म्हणाले, "विळ्याला धार चांगली आहे."

सेन्सेईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं. ते हसले आणि विळ्याचं पातं कॅमेऱ्याजवळ आणून उलटंपालटं करून बाबांना दाखवलं. बाबांनी ते नीट निरखलं आणि समाधानाने मान डोलावली. सगळा तुकडा कापून होईपर्यंत बाबा उभेच होते.

भात ऑस्ट्रेलियात पाठवता येणार नव्हतं, इथले नियम कडक. सेन्सेईंनी विचारलं, त्याचं काय करू? मी म्हटलं, तुम्हीच खा.

फेब्रुवारीत माझं एक्स्चेंजचं वर्ष संपलं. जपान तेव्हाही बंदच होतं. मार्चमध्ये सेन्सेई निवृत्त झाले. त्याआधी त्यांची चार ओळींची ईमेल आली. माझ्या तुकड्यातून सहा वाट्या तांदूळ निघाला, असं त्यांनी लिहिलं होतं. लोंब्या पाण्यात राहिल्यामुळे दाणा पूर्ण भरला नव्हता, चव साधारण होती. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने तो सगळा खाल्ला.