बुधाची साक्ष

हरसूलच्या वरच्या अंगाला, जिथे डांबर संपून पायवाट लागते, तिथे करंजदरी नावाचा चाळीसेक उंबऱ्यांचा पाडा आहे. तिथला बुधा पावरी वाजवायचा. वाळलेला दुधी, त्यात बसवलेल्या बांबूच्या नळ्या आणि पुढे बैलाचं शिंग, एवढीच पावरी. पण ती वाजवताना सूर तुटू द्यायचा नसतो. गालात साठवलेला वारा बाहेर सोडता सोडता नाकाने नवा आत घ्यावा लागतो. बुधाला हे बापाने शिकवलं होतं. बुधाकडे शिकायला मात्र कोणी आलं नाही. साठी उलटून गेली तरी त्याचा दम शाबूत होता. बाकी मिरवावं असं त्याच्यापाशी काही नव्हतं. उताराचं नागलीचं रान होतं, आणि त्याचं पीक घरात आलं की विंचूरला कांद्याच्या गोण्या भरायला जाणं होतं.

पाड्याच्या वर देवाची राई होती, राईत झरा होता, आणि झऱ्यावर पाडा होता. राईतली वाळकी काटकीसुद्धा चुलीत घालायची नाही, असा जुना नेम. कधी वादळात झाड आडवं झालं किंवा देवाच्या मांडवाला खांब लागला, तर सगळी घरं राईच्या कडेला जमायची. जाणता माणूस विचारायचा, कुऱ्हाड लावायची का? ज्याला पटलं तो बसून राही. ज्याला पटलं नाही त्याने उठायचं, आपलं नाव सांगायचं आणि उभं राहायचं. एक माणूस उभा राहिला तरी कुऱ्हाड घरी परत. चारचौघांत असं उभं राहणं सोपं नसे. म्हणूनच जो उभा राहिला त्याच्या शब्दाला पाड्यात मोल होतं.

ज्ञानेशदादा आमदारकीला पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा करंजदरीत आले. समाजाचं पोर, शेजारच्या खोऱ्यातलं. त्यांनी बुधाची पावरी ऐकली आणि त्याला गाडीत पुढच्या सीटवर बसवलं. "काका, हीच आपली ओळख," ते म्हणाले. "जगात कुणाला लाजायचं नाय." तेव्हापासून दादांची सभा असो, मिरवणूक असो, की नाशिकला आदिवासी दिन असो, पुढे बुधाची पावरी आणि मागे मोरपिसांचा फेटा बांधलेले दादा. दादा नाचायचेही छान. टीव्हीवर ते एकदा म्हणाले की मी आधी आदिवासी, मग आमदार. त्या दिवशी पाड्यात गूळ वाटला होता.

बायको तानुबाई तेवढी टोचून बोलायची. "नवरदेव मागं, वाजंत्री पुढं. जेवायला कोण बसतं पयलं, ते सांगा."

बुधा हसून सोडून द्यायचा. आपल्या माणसाच्या पुढे चालायला मिळतंय, याच्या पलीकडे त्याला काही नको होतं.

मग राईवर संकट आलं. देवाच्या नावाची आणि जंगलाच्या कडेची रानं पर्यटनासाठी भाड्याने देता यावीत, असा कायदा सरकार आणणार असल्याची बातमी आली. पाठोपाठ शहरातली माणसं येऊन राई मोजून गेली. पोलीस पाटील सहादू शहाणा माणूस. तो म्हणाला, "हरकतीचे अर्ज घेऊन समद्यांनी नाशिकला जाऊ. मुदत हाय तवर."

"आधी दादाला विचारू," बुधा म्हणाला.

दादांनी त्यालाच मुंबईला नेलं. विधानभवनाच्या पायऱ्यांवर दादा फेटा बांधून उभे राहिले आणि बुधाने पावरी लावली. कॅमेरेवाल्यांची झुंबड उडाली. मधेच एकाने बुधाच्या खांद्याला धरून त्याला बाजूला सरकवलं. सूर तुटला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. बुधाने तो कसाबसा पुन्हा धरला आणि दादांकडे ओशाळून पाहिलं. दादा कॅमेऱ्याकडे पाहत होते.

आत जाताना दारावरच्या शिपायाने पावरी उलटीपालटी करून विचारलं, "ह्यात काय आहे?"

"वारा हाय, साहेब."

शिपाई हसला आणि बाहेर येईपर्यंत पावरी ठेवून घेतली. बुधाला वर गॅलरीत बसवलं. तिथून त्याने दादांचं भाषण ऐकलं. राई ही आमची आई आहे, तिच्या पदराला हात लावाल तर याद राखा, असं दादा म्हणाले तेव्हा बुधाचे डोळे भरून आले. पुढचं त्याला फारसं कळलं नाही. गलका झाला. अध्यक्ष घाईघाईने काही बोलले. आणि मग खालच्या बाकांवरची माणसं एकेक करून उठू लागली. प्रत्येकजण उठायचा, आपलं नाव सांगायचा, कितवा ते म्हणायचा. दादाही उठले. त्यांनी फेटा सारखा केला आणि खणखणीत आवाजात नाव सांगितलं.

बुधाच्या अंगावर काटा आला. मुंबईत, एवढ्या मोठ्या घरात, करंजदरीचीच रीत. तेवढ्यात पासची वेळ संपली म्हणून शिपायांनी गॅलरीतल्या लोकांना बाहेर काढलं.

पाड्यात सगळी वाट पाहत होती. राईच्या कडेला बसून बुधाने सांगितलं, "म्या माझ्या डोळ्यानं पाह्यलं. दादा उठला, नाव सांगितलं आन उभा राह्यला."

सहादूने अर्जांची थैली गुंडाळली. बुधाच म्हणाला, "आपला माणूस उभा राह्यल्यावर मोर्चा कशाला? त्याच्यावर अविश्वास दाखवल्यावानी व्हईल." दादांच्या भाषणाचा व्हिडिओ घराघरात वाजत होता. तो 'याद राखा' म्हणताच संपायचा. हरकतीची मुदतही त्याच आठवड्यात संपली.

दोन बाजार गेले. तिसऱ्या बाजाराला बुधा हरसूलला सुकट घ्यायला रहेमानभाईच्या पालावर थांबला. रहेमानभाई आणि तो जुने दोस्त. त्यांनी सुकट तोलली, वर मूठभर टाकली आणि म्हणाले, "बुधाभाऊ, एक बोलू? राग नका मानू. तुमच्या राईचा कायदा पास झाला ना?"

"झाला असंल. पर दादा उभा राह्यला व्हता."

"तेच सांगतो. तिथं पहिले 'हो'वाल्यांना उभं करतात. ते मोजून झाले की बसवतात. मग नायवाले उठतात."

"आसं कसं? ज्याला मान्य हाय त्यानं उठायचं कशाला?"

"तुमच्याकडं नसंल. तिथं आसंच." रहेमानभाईंनी पोराकडून मोबाइल मागून घेतला. त्यावर पूर्ण कामकाज होतं. बुधाने पाहिलं. दादा उठले, नाव सांगितलं, बसले. मग दुसरी माणसं उठली, थोडीच होती. त्या वेळी दादा मागे रेलून बसले होते आणि शेजाऱ्याच्या मोबाइलमध्ये काहीतरी बघून हसत होते.

"परत लावू?" रहेमानभाईंनी विचारलं.

"नगं."

सुकट तिथेच विसरून बुधा चालू लागला. रहेमानभाईंच्या पोराने धावत जाऊन पिशवी त्याच्या हातात दिली.

त्याने घरी सांगितलं, सहादूला सांगितलं. सहादू बराच वेळ तंबाखू मळत राहिला. "आता मुदत गेली," तो म्हणाला. "आन रिसॉर्टवाले पंधरा पोरं वॉचमन म्हणून घेनार हायेत. माझा पुतन्या हाय त्यात. तू उगा कालवू नगं."

पावसाच्या आधी दादा पाड्यात आले. आमदार निधीतून पायथ्याशी मोठी कमान बांधली होती, आदिवासी संस्कृती कमान. तिच्यावर नाचणारी माणसं रंगवली होती. वर राईत करवती चालू होत्या, पण मंडपातल्या स्पीकरपुढे त्या ऐकू येत नव्हत्या. दादांनी फेटा बांधला होता.

"काही लोक म्हणतात, म्या राई विकली," दादा माइकवर म्हणाले. "माझा साक्षीदार हितंच बसलाय. बुधाकाका, वर या. सांगा समाजाला. म्या उभा राह्यलो का नाय?"

माइक बुधाच्या तोंडापुढे आला.

"राह्यला," बुधा म्हणाला. टाळ्या पडल्या. त्या थांबेपर्यंत तो थांबला. "पर तिथं उलटं असतं. तिथं उठतो तो कुऱ्हाडीला हो म्हनतो. म्या चुकीचं सांगितलं तुमाला. दादा हो म्हणायला उठला व्हता."

दादा क्षणभरच थांबले. मग हसत पुढे आले आणि त्यांनी बुधाच्या खांद्यावर हात टाकला.

"काका थकले आता. कुनी तरी भरवलं असंल त्यांच्या कानात." ते लोकांकडे वळले. "मला सांगा, आपल्या समाजात उभा राहतो तो काय म्हनतो?"

"नाय म्हनतो," पोरं ओरडली.

"माझ्या आज्यानं मला हेच शिकवलंय. म्या माझी रीत इसरंल?"

आता टाळ्या आधीपेक्षा जोरात पडल्या. बुधाने समोरच बसलेल्या सहादूकडे पाहिलं. सहादू टाळ्या वाजवत नव्हता, पण खाली बघत होता. "तूच सांगितलं व्हतं ना बुधा," तो हळूच म्हणाला. "आता फिरवू नगं."

"वाजवा काका," दादा म्हणाले.

बुधाने पावरी काखेत मारली आणि व्यासपीठावरून खाली उतरला. कोणाचं काही अडलं नाही. स्पीकरवाल्याकडे विधानभवनाच्या पायऱ्यांवरचं रेकॉर्डिंग होतं, तेच त्याने लावलं. त्यावर दादा नाचले, पोरं नाचली.

त्या पावसाळ्यात राईतून गढूळ पाणी आलं, आणि दिवाळी सरल्यावर झरा आटला. तो असा कधी आटला नव्हता. रिसॉर्टवाल्यांनी खोल बोअर मारली होती. सकाळी त्यांच्या फाटकाशी बायकांना एक-एक हंडा मिळतो. रांग लावायला पाड्यातलीच पोरं उभी असतात, वॉचमनच्या कपड्यांत. पाहुण्यांना वातावरण वाटावं म्हणून आतल्या अंगणात दिवसभर पावरी लावून ठेवतात.

परवा तानुबाई हंडा उतरवून ओट्यावर टेकली. कडोसरीतली मशेरी काढत म्हणाली, "आजबी तुमचंच चालू व्हतं तिथं."

बुधाने वर पाहिलं. पावरी आढ्याला टांगलेली होती. शिंगाच्या तोंडात कोळ्याने जाळं केलं होतं.

"रोज ऐकते म्हनून कळतं," ती म्हणाली. "मधी एका जागी तुमचा दम तुटलाय. कधी तुटत नाय तुमचा."

"तिथं मला बाजूला सरकवलं व्हतं," बुधा म्हणाला. "दादा फोटोत येत नव्हता."