फादरांची भिंत

फादर बोलताना मुलाकडे कमी आणि भिंतीकडे जास्त बघत. अमरावतीच्या आमच्या मिशन हायस्कूलच्या ऑफिसबाहेरची ही भिंत. नाव काढलेल्या माजी विद्यार्थ्यांचे फोटो तिच्यावर लागत. अकोल्याचे सर्जन, एक न्यायमूर्ती, एक कलेक्टर. कुणी अवघड गणित सोडवलं की फादर रिकाम्या जागेवर बोट ठेवत, "तुले इथं लटकवतो बे!" हा मंगळूरचा माणूस वऱ्हाडी आमच्याकडूनच शिकला होता, तीही शिव्यांसकट. सगळे हसायचे. मला मात्र ती रिकामी जागा कधीच आवडली नाही.

त्या जागी लागला वलगावचा प्रशांत, माझ्या बाकावरचा. फौजेत कॅप्टन झाला. त्याला रजा मिळाली नाही म्हणून गॅदरिंगला त्याच्या आईला, आमच्या काकूंना, बोलावलं. फादरांनी यावेळी हौसेने फोटोला चंदनाचा हार घातला, पुढे समई लावली. त्यांच्या मंगळूरकडे पाहुण्याचा सत्कार चंदनाच्या हाराने करतात. आपल्याकडे तसा हार कोणाच्या फोटोला असतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पडदा सरकला आणि काकू किंचाळल्या.

"जित्या पोराले हार घालता काय, फादर?"

"मानाचा हाय तो, माय..." फादर म्हणाले, आणि आमच्या चेहऱ्यांकडे बघू लागले. काकूंनी हार ओढून तोडला. मणी पायऱ्यांवरून घरंगळत गेले. वेचायला कुणी वाकलं नाही.

अपशकुन मानणं फादरांना शोभणारं नव्हतं. पण त्यानंतर दर रविवारी चर्चमधली मिस्सा प्रार्थना आटोपली की ते भिंतीवरच्या एकेकाला फोन करू लागले. "जिवंत हाय ना बे?" न्यायमूर्तीसुद्धा निमूट सांगत, "आहे, फादर." शेवटचा फोन प्रशांतला. तो "हाव, हाय ना" म्हणाला की मगच फादर नाश्त्याला बसत.

या हिवाळ्यात प्रशांत बर्फातल्या चौकीवर गेला आणि त्याचा फोन लागेनासा झाला. त्याच सुमारास फादर आजारी पडले. अकोल्याच्या सर्जननी त्यांना स्वतःच्या दवाखान्यात नेलं. मी भेटायला गेलो की तब्येतीचं विचारूच देत नसत.

"लागला का बे?"

"तिथं टॉवर नसते, फादर."

"वकील झाला म्हनून मले नको शिकवू. लाव परत."

मी त्यांच्यासमोर लावायचो. ते माझा चेहरा बघायचे आणि कूस बदलायचे. या माणसाने मला बापाची माया दिली. त्यांना हवा होता तो एक शब्द मला काही आणून देता आला नाही. फादर गेले.

आता भिंतीवर त्यांचाच फोटो आहे, चंदनाच्या हारासकट. शोकसभेला काकू आल्या. त्यांनी फादरांना हात जोडले, मग शेजारचा प्रशांतचा फोटो खिळ्यावरून काढून पदराखाली घेतला.

"इचारनारं मानूस गेलं," त्या म्हणाल्या. "माह्या पोराले आता घरी नेऊ द्या."

रविवारी मी प्रशांतला फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. फादरांनी पुन्हा लावला असता, म्हणून मीही पुन्हा लावला.