नळीत मावणारा माणूस

आमचे बाबा नौदलात पाणबुडे होते आणि उंचीने इतके कमी, की सगळी तुकडी त्यांना टिल्लू उस्ताद म्हणायची. ते कधी चिडले नाहीत. उलट नव्या पोरांना सांगायचे, "पाण्याला उंच काय नि बुटका काय, सगळे सारखेच." घरी मात्र वरच्या फळीवरचा डबा काढायला आईला हाक मारावी लागायची, आणि आई तो डबा मुद्दाम जरा वेळ हातातच धरून ठेवायची.

बाबा पाण्याखाली असताना वर त्यांची दोरी ज्यांच्या हातात असायची, ते आमचे दोरीवाले काका. आडदांड, हसरे, जेवायला हक्काने येणारे. बाबांनी माझ्यासाठी स्थळ पाहिलं तेही काकांना विचारूनच. मुलगा बाबांच्याच तुकडीतला पाणबुड्या, आमच्या दारातून वाकून आत येणारा. काका त्याला पाहून म्हणाले होते, "सासऱ्याच्या दुप्पट आहे. घेऊन टाका."

निवृत्त झाल्यावर काका एका कंपनीत लागले. खोल पाण्यातून माणूस घाईने वर आला, की त्याच्या रक्तात बुडबुडे होतात. सांधे धरतात, पाय जातात, कधी जीवही जातो. त्याला ताबडतोब पुन्हा दाबाखाली ठेवावं लागतं. इस्पितळातली दाबाची खोली काही बोटीवर नेता येत नाही, म्हणून ही कंपनी एका माणसापुरती नळी बनवायची. घडी घालून न्यायची, हवा भरली की ताठ. नौदलाला अशा नळ्या घ्यायच्या होत्या. खरेदी समितीचा नियम असा, की अनुभवी पाणबुड्याने आत झोपून पाहायचं आणि मत द्यायचं.

काकांनी बाबांचं नाव सुचवलं. "उस्तादाच्या शब्दापुढे समिती जायची नाही," ते आमच्याकडे चहा पिताना म्हणाले. बाबांची छाती फुगली. चाचणीला ते कडक इस्त्री करून गेले, नळीत झोपले, आणि बाहेर येऊन म्हणाले, "झकास. कूससुद्धा बदलता येते." खरेदी मंजूर झाली.

पुढच्या वर्षी पाठीवरच्या हवेच्या टाकीत बिघाड झाला म्हणून माझा नवरा खोलातून घाईने वर आला आणि बोटीवरच कोसळला. नळी हाताशी होती. पण तो तिच्यात मावेना. खांदे कसेबसे आत घातले तर पाय बाहेर राहिले, आणि गुडघे तर वेदनेने वाकतच नव्हते. झाकण लागलंच नाही. इस्पितळात पोचेपर्यंत त्याचा उजवा पाय कामातून गेला होता.

चौकशी बसली. बाबांच्या साक्षीच्या आदल्या दिवशी काका फळं घेऊन घरी आले.

"सांग, की पोरांनी त्याला नीट आत घातलं नाही. नळीत काही खोट नाही, तू स्वतः झोपला होतास."

बाबांनी विचारलं, "मोठी नळी होती तुमच्याकडे?"

"होती. पण त्या किमतीत टेंडर मिळालं नसतं."

"मग चाचणीला मलाच का बोलावलंस?"

काका खाली बघत म्हणाले, "आता काय सांगू तुला. तुकडीत तेवढ्यात मावणारा तू एकटाच होतास."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या नवऱ्याची उंची या माणसाला चांगली ठाऊक होती, तरी त्याने हे केलं. निघताना त्याने सवयीने बाबांचा खांदा थोपटला आणि बाबांनी थोपटू दिला. मला त्या थोपटू देण्याचाच जास्त राग आला.

चौकशीत बाबांनी काहीच झाकलं नाही, स्वतःलाही सोडलं नाही. नळ्या परत गेल्या. कंपनीने काकांना काढलं म्हणे. त्याने आमचं काय भलं झालं?

माझा नवरा बाबांना एका शब्दानेही बोलला नाही, आणि तेच बाबांना जड जातं. परवा त्याचा पाय चोळून देता देता ते त्याला म्हणाले, "मला वाटलं, माझ्या शब्दाला मान आहे म्हणून बोलावलं. त्याने फक्त माझं माप बघितलं होतं रे."