खांबाखालचा अभ्यास

जज्जसाहेबांची गोष्ट त्या वस्तीत कुणाला पाठ नाही? बाप लवकर गेला, घरात दिवा नव्हता, पोरगं कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाखाली बसून शिकलं आणि न्यायाधीश झालं. शाळेत दरवर्षी ही गोष्ट सांगतात. घरोघरी नापास पोरांच्या डोक्यात ती हाणतात. खांबाचा तर इतका दरारा, की कुत्रीसुद्धा आताशा त्याला वळसा घालून जातात.

या गोष्टीत चुकूनही येत नाही ती साहेबांची थोरली बहीण. अख्खी वस्ती तिला ताईच म्हणते. वय एकाहत्तर, नाकावर चष्मा, गळ्यात मापाची टेप आणि जीभ कात्रीच्या वरताण. वस्तीतल्या शाळेचे गणवेश गेली पंचावन्न वर्षं तिच्याच मशीनवरून उतरले आहेत.

आता खरं काय ते ऐका. घरात दिवा होता. चांगला साठचा बल्ब, मशीनच्या बरोबर वर टांगलेला. बाप गेल्यावर ताईने नववीतून नाव काढलं आणि त्या बल्बखाली बसून घर चालवलं. "इथेच बस की, उजेड दोघांना पुरेल," ती भावाला म्हणायची. पण मशीनच्या खडखडाटात याला म्हणे अक्षर दिसेना. कानाने वाचत होता की काय, देव जाणे! गेला खांबाखाली. तिथे येणारेजाणारे थांबून कौतुक करायचे, घरात कोण करणार? बसायचं स्टूल मात्र ताईनेच नेऊन ठेवायचं आणि तिनेच उचलून आणायचं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला फार अक्कल लागत नाही.

गेल्या महिन्यात ठरलं, की खांबाजवळ संगमरवरी पाटी लावायची. साहेब मखमलीचं कापड घेऊन स्वतः बहिणीकडे आले. पाटीवरचा पडदा घरच्या माणसानेच शिवावा, अशी त्यांची हौस. पाटीवरचा मजकूरही त्यांनी चवीने वाचून दाखवला.

"'घरात दिवा नव्हता' एवढं काढ," ताई म्हणाली. "बाकी काय लिहायचं ते लिही."

"अगं ताई, दिवा होता म्हटलं तर गोष्टीत राहतं काय?"

"मी राहते."

साहेब हसले. "लोकांना एवढा तपशील नको असतो गं. आणि पाटी कोरून झालीय." जन्मभर साक्षीपुरावे तपासायचा पगार खाल्ला आणि समोर बसलेला घरचा साक्षीदार काही दिसला नाही. पडद्याची मापं सांगून ते निघून गेले.

ते गेल्यावर ताईला रडू आलं. राग तिला रोजचाच होता, त्याचं काही नाही. पण आपण मेल्यावरही ही पाटी राहणार, आणि त्या घरात आपण कधी नव्हतोच असं जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत राहणार, हे तिला सोसेना. मग तिने डोळे पुसले आणि सुईत दोरा ओवला.

रविवारी सकाळी ताईने जाऊन पडदा स्वतः टांगला. खुर्च्या भरल्या. साहेबांनी गोष्ट सांगितली, आणि गळा नेमका ठरल्या जागी दाटून आला. सरावाने जमतं ते. मग पाहुण्यांनी दोरी ओढली. पडदा हलेना. साहेबांनी जोर लावला, तर दोरी तुटून हातात आली. कुणी खालून उचलायला गेलं, तर खालची कड चौकटीला पक्की टाचलेली. पडद्याचे दोन्ही भाग मधोमध हाताने शिवून टाकलेले, आणि टाके इतके बारीक की शिवण शोधावी लागे.

तिसऱ्या रांगेतून ताई उठली. पिशवीतली कात्री काढून ती पाटीपाशी आली. माइक तिथेच होता.

"मीच शिवलाय, मीच उसवते," ती म्हणाली. "पण वेळ लागेल. तोवर माझी गोष्ट ऐका. घरात दिवा होता. त्याच्या खाली मी होते." एक टाका कापला. "तुमच्यापैकी निम्म्यांचे गणवेश त्याच दिव्याखाली शिवलेत." आणखी एक कापला. "यांचाही. हे जो घालून खांबाखाली बसायचे ना, तो सदरासुद्धा."

पुढच्या रांगेतली एक बाई हसली. पाठोपाठ मागून दोघीतिघी हसल्या. साहेब बहिणीजवळ सरकले आणि दातांतल्या दातांत म्हणाले, "ताई, बस आता खाली."

"बसूनच होते रे इतकी वर्षं," ताई माइकमध्येच म्हणाली आणि शेवटचा टाका कापला.

मग तिने वरची गाठ सोडली आणि पडदा खाली पडला. घरात दिवा नव्हता, हे सगळ्यांनी वाचलं आणि मान वळवून साहेबांकडे पाहिलं. साहेब हातातली तुटकी दोरी गुंडाळत उभे होते. ताईने मखमलीची नीट घडी घालून पिशवीत टाकली. कापड चांगलं होतं.