शेवटच्या झाडापर्यंत

शिरूरहून आईला पुण्याला आणलं होतं. तिच्या मणक्याचं ऑपरेशन आत सुरू होतं आणि मी बाहेर बाकावर गोंधळून बसलो होतो. बीपी तर मशीनवर दिसतंच, मग मज्जारज्जूला रक्त पोचतंय का हे वेगळं कशाला बघायचं? डॉक्टरांनी दोनदा सांगूनही मला कळलं नव्हतं.

शेजारी वरवंडचे एक आबा होते, त्यांना मी हे बोलून दाखवलं. गुडघे चोळत म्हणाले, "आमच्या डाळिंबाच्या ठिबकला मोटरीपाशी प्रेशर बरुबर दिसतं. पर मी रोज शेवटच्या झाडापतुर चालत जातो. तिथं थेंब पडला, तरच पाणी पोचलं म्हणायचं. डॉक्टर तेच करत्यात."

मला एकदम हलकं वाटलं. त्यांचं नाव विचारायचं मात्र राहिलं.

थोड्या वेळानं नर्सनं आबांनाच हाक मारली. आईनंतर त्यांच्या बायकोचं तेच ऑपरेशन होतं. संमतीचा कागद घेऊन ते माझ्याकडे परत आले. पेन उलटंच धरलं होतं.

"साहेब, ते रक्त बघणार म्हंजी नेमकं काय करणार हो?"

मी चक्रावलो. मग त्यांचंच शेवटचं झाड त्यांना सांगितलं. त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं, "आसं हाय व्हय!" म्हणाले आणि सही केली.