सुखराम मिस्त्री आणि पन्नास नंबरचं ऑइल

आईबापांनी नाव ठेवलं सुखराम, पण तुमसरच्या बसस्टँडमागे गॅरेज चालवणाऱ्या या मिस्त्रीने कुणाला कधी सुखाने बसू दिलं नाही. गाडी घेऊन आलेल्या माणसाला आधी चार शब्द ऐकवायचे आणि मग बॉनेट उघडायचं, ही त्याची रीत. तरी लोक त्याच्याकडेच जात. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात ना, तसं. मँगनीजच्या खाणीत ट्रकांखाली बारा वर्षं काढलेला माणूस तो. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगायचा आणि चुकायचा नाही.

ऑइलच्या बाबतीत तर त्याचा कायदाच होता. होळी पेटली की चाळीस नंबर, आणि दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रा, दंडारीची नाटकं आटोपली की तीस नंबर. उन्हाने ऑइल पातळ होतं, म्हणून उन्हाळ्यात जाड घालायचं. थंडीने ते घट्ट होतं, म्हणून हिवाळ्यात पातळ. एवढी साधी गोष्ट, पण ताराचंद शेठच्या टाळक्यात शिरेल तर शपथ!

ताराचंदची राइस मिल होती, आणि आपल्यापुढे कुणी गेलेलं त्याला खपत नसे. अठ्ठ्याहत्तर साली त्याने नागपूरहून लाल फियाट आणली. दोन कार्बोरेटर बसवलेली, इंजिन नव्याने आवळून बांधलेलं. रस्त्यावरून गेली की कोंबड्या उडायच्या. हिवाळा लागताच सुखरामने तिच्यात तीस नंबर घातलं. शेठने ऑइलची पट्टी ओढून काढली आणि गवळ्याचं दूध पारखावं तसं बोटांत चोळून पाहिलं.

"काहून बे, रॉकेल मिसळवलंस?"

"तीस नंबर आहे, शेठ. थंडीत हेच लागते."

"मले शिकवतेस? थंडीत माणूस डिंकाचे लाडू खाते, उन्हाळ्यात ताक पिते. अन् तू माह्या गाडीले थंडीत ताक पाजून राहिलास?"

"तुमची गाडी लाडू नाई खात, शेठ. लाडू तुमीच खाऊन राहिले, ते दिसते."

समोरच्या चहाच्या टपरीवर हशा उसळला. शेठचा चेहरा गाडीसारखा लाल झाला. "चोर आहे हा!" तो भर रस्त्यात ओरडला. "चांगलं ऑइल इकते अन् आपल्या गाड्यायले रॉकेल पाजते!"

सुखरामच्या जिभेचे चटके दहा वर्षं सोसलेल्या गावाला हे आयतंच मिळालं. आठ दिवसांत त्याचं नाव रॉकेलवाला पडलं. बायको शकुनबाई पाण्याला गेली की बाया कुजबुजायच्या. शिवी दिली असती तर सुखरामने शिवीने परत केली असती. पण चोर हा शब्द त्याला गिळता येईना, थुंकता येईना. तो मिलवर गेला. म्हणाला, "शब्द वापस घ्या."

"आधी पन्नास नंबर टाक," शेठने स्वतः आणलेला डबा त्याच्यापुढे आपटला. "मंग पाहू."

सुखरामने जुनं ऑइल काढलं, पन्नास नंबर ओतलं. आता एकच वाक्य सांगायचं होतं. थंडीतही गाडीत उन्हाळ्याचं जाड ऑइल ठेवणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला तो ते दटावून सांगायचा : सकाळी धा मिनिटं गाडी उभ्यानं चालू द्या, ऑइल वर चढू द्या, मगच दामटा. वाक्य जिभेवर आलं. त्याने ते गिळलं आणि हात पुसले.

जानेवारीत सिहोऱ्याला शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती होत्या. तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराच्या जीपच्या आधी पटावर पोचायची शेठने पैज मारली. एरवी ऊन चढल्यावर निघणाऱ्या शेठने त्या दिवशी हाडं गोठवणाऱ्या पहाटे गाडी चालू केली ती थेट दामटलीच. चार मैलांवर टकटक सुरू झाली, मग खाडकन आवाज आला आणि लाल गाडी धानाच्या बांध्यांजवळ मेली. पटाला निघालेले बैल तिच्या पुढून गेले. मग कुणाचे तरी बैल जुंपून ती गॅरेजसमोर ओढून आणली. मागे अर्धं तुमसर.

"यानंच केलं!" शेठ ओरडला.

सुखरामने सगळ्यांसमोर इंजिन खोललं. बेअरिंगं जळून काळी पडली होती. "ऑइल तुमचं, डबा तुमचा, हुकूम तुमचा," तो मोठ्याने म्हणाला. "आता सांगा, चोर कोन?"

लोक शेठलाच हसू लागले. महिनाभर सुखराम याच घडीची वाट पाहत होता. शेठने मात्र जळकं बेअरिंग उचलून बोटांत चोळून पाहिलं.

"असं होईन, हे तुले मालूम होतं?"

नाही म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. पण जिभेने तिखट असला तरी सुखराम खोटं बोलणारा नव्हता. "मालूम होतं."

"मंग सांगलं काहून नाई?"

हसणं थांबलं. सुखराम हातातला पाना पुसू लागला.

"आयका रे सगळे," शेठ म्हणाला. "याले चोर म्हनलो, तो शब्द वापस घेतो. चोर परवडला असता."

शब्द परत मिळाला, तोही भर गर्दीत. लोक पुढेही गाड्या आणत राहिले. दुसरा मिस्त्री होता कुठे? पण ऑइल घालून झालं तरी गिऱ्हाईक निघत नसे. स्टिअरिंगवर हात ठेवून त्याच्या तोंडाकडे बघायचं आणि विचारायचं, "मिस्त्री, अजून काही सांगाचं राहिलं का?"